सोपं यंत्र

विश्रामबागेतल्या दुकानात पोरगा बटणं दाबत राहिला:
बारा आवाज, रात्रीचा पडदा, टोलनाके, पेट्रोलपंप.
मी म्हटलं, यात काय काय नाही, ते सांग.
तो थांबला.

अक्षरं मोठी हवीत. मराठी बोलणारं हवं.
बोट थरथरलं तरी समजून घेणारं.

गाडीच्या कप्प्यात पावती सापडली होती,
आष्ट्याच्या पंपाची, रात्री पावणेनऊची.
मिरजेहून पलूसला येताना आष्टा कुठं लागतं?
दोघांनीही मला सांगितलं नव्हतं.
डोळे दाखवून आलो, एवढंच.

आता यंत्र काचेला चिकटलंय.
"दोनशे मीटरवर उजवीकडे वळा."
अप्पा म्हणतात, मीटर कोण मोजत बसणार,
हिला म्हणावं, लोखंड्यांच्या गिरणीपाशी वळा, असं सांग.
तोवर गिरणी मागं पडते.
बाई शांतपणे नवा रस्ता काढते.

मागच्या सीटवर आई मांडीवरची पिशवी सावरते.
"चुकलं तरी ओरडत नाही का गं ही?"
नाही.
"मग राहू दे."

आणि बऱ्याच वेळानं, खिडकीबाहेर बघत,
"त्या रात्री मला वाटलं,
ऊस काही संपायचाच नाही."