लांबची खूण

आनंदवाडीच्या जेटीपासून पाऊण तासावर
पाण्याखाली एक खडप आहे, आंब्याच्या खळ्याएवढं.
नकाशात त्याला नाव नाही.
रुक्माजी तारी ते दोन खुणांनी शोधतात:
देवळाच्या कळसामागे टेकडीवरची सातवीण आली की एक रेघ,
दीपस्तंभाला कड्याची कपार मिळाली की दुसरी.
रेघांची फुली पडते तिथे तांबोशी.

तौक्ते वादळात सातवीण गेली.
त्या साली तीन जाळी फाटली
आणि तांडेल महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत.

मी त्यांच्या होडीत बसले आहे, मांडीवर यंत्र.
यंत्र अक्षांश सांगतं, रेखांश सांगतं,
दशांशचिन्हानंतर सहा आकडे.
"ह्यो आकडो कोणी धरून ठेवल्यान?"
उपग्रहांनी.
"आनि तेंका?"
जमिनीवरच्या अँटेनांनी.
"आनि जमिनीक?"

इथे मी अडखळते,
कारण जमीन भोवऱ्यासारखी डुलते,
तिच्या आसाचं टोक वर्षभर
एका अंगणाएवढ्या जागेत गिरक्या घेत राहतं,
दिवससुद्धा कणभर लांबतो, कणभर आखडतो.
ताऱ्यांना बांधावी, तर तारेही चालते.
आमच्या आळीत दोन पंचांगं होती.
बेहेऱ्यांकडे रेवती धरत, आमच्याकडे चित्रा;
एखाद्या वर्षी अधिक महिना वेगळा पडे
आणि एकाच आळीत गणपती दोनदा येत.
रेवती सरकते. चित्राही सरकते.
जागचं हललं नाही ते फक्त भांडण.

मग सांगते: आम्ही मागे मागे गेलो,
ताऱ्यांच्या मागे, आकाशगंगेच्या काठापलीकडे,
क्वेसारांपर्यंत,
जिथे डोळ्याला काही नाही आणि कानाला खरखर आहे,
तव्यात बांगडा पडल्यावर होते तशी चुरचुर.
दोन खंडांवरच्या दोन ताटल्या ती ऐकतात.
एकीला क्षणाची कपची उशिरा पोचते;
त्या उशिरातून दिशा काढायची.
रात्रीमागून रात्र, चाळीस वर्षं.
अशा तीनशे तीन मुख्य खुणा.
नावं नाहीत, नंबर आहेत, घरपट्टीच्या वहीत असतात तसे.
त्यांना ताणून बांधलंय आकाशाचं जाळं,
जाळ्याला पृथ्वी,
पृथ्वीला उपग्रह, उपग्रहाला माझ्या मांडीवरचं हे यंत्र,
आणि यंत्राला तुमचं खडप.

तांडेल सुकाणू पायाने दाबून बिडी पेटवतात.
"लांबची धरलास म्हणजे.
जवळची खूण होडयेवांगडा चलता.
बापाशीन माका ह्याच शिकवल्यान."

मला उगाच राग येतो.
पाच वर्षांचा प्रबंध,
आणि यांनी काडी विझायच्या आत—

"पन थंय आसा काय?"
एक काळं तोंड, मी म्हणते. आजूबाजूचं सगळं ओढून गिळतं.
गिळताना जे तापतं त्याचा उजेड.
त्यातला कितीतरी निघाला तेव्हा हा किनारा नव्हता,
मासा हा शब्द सोडाच, मासाच नव्हता.
"म्हणजे थंयसरय खातत,"
ते म्हणतात, समाधानाने.

एक गोष्ट मी सांगत नाही.
त्या खुणाही पुऱ्या ठाम नाहीत.
झोत सुटतात, गाभा इकडचा तिकडे भासतो,
आणि सूर्यच आकाशगंगेभोवती वळतो आहे, म्हणून
सगळ्या मिळून एका अंगाला झुकतात,
केसाच्या हजाराव्या भागाइतक्या.
आम्ही तो झुकावही वहीत लिहितो
आणि खुणा स्थिर आहेत असं म्हणतो.

यंत्र म्हणतं: इथेच.
तांडेल यंत्राकडे बघत नाहीत. पूर्वेला बघतात.
धुरकटात सह्याद्रीची एक खाच अर्धी दिसते आहे,
सातविणीच्या जागी धरलेली,
फक्त थंडीतच दिसणारी.
होडी आणखी चार हात पुढे घेऊन
ते दगड सोडतात.
दोरी सुटत राहते, सुटत राहते,
मग सैल पडते.
"लागलो."

चार हातांचा फरक मी टिपून घेते.
चूक कुणाची, तो रकाना
तूर्त मोकळा.