एक बटण

दादांनी शिलाई मशीनला मोटर बसवली
तेव्हा खालचं पायडल रिकामं झालं.
मी ते काटकोनात फिरवलं.
बिडाची ती जाळी आता पुढं-मागं नाही,
डावी-उजवी डुलते.
आसाला जुन्या रेडिओचा आवाजाचा कंट्रोल,
तीन वायरी, बोटाएवढी हिरवी पट्टी,
यूएसबीचं शेपूट.
झालं विमानाचं सुकाणू,
सेलूत, जिंतूर रोडला, दुकानाच्या माळ्यावर.

कॉम्प्युटर बंद पडलेल्या एका क्लासचा, चौदाशेला.
त्यात लिनक्स.
पोटातलं सगळं उघडं ठेवणारं,
विचारलं तर खरं सांगणारं,
पण विचारायचं कसं, तेवढं न सांगणारं.

हातातली दांडी परभणीच्या भंगारातली.
तिला लावल्याबरोबर ओळखलं त्यानं:
तीन अक्ष, अकरा बटणं, या बसा.
पायडल लावलं.
यादीत नाव आलं, नंबर आला,
विमानात काही नाही.
पंगतीत बसलेला दिसतो सगळ्यांना,
वाढपी मात्र पुढं निघून जातो, तसं.

पहिल्या रात्री म्हणालं, परवानगी नाही.
माझ्याच मशीनवर मी परवानगी मागितली,
मीच दिली,
बंद करून चालू केलं.
दुसऱ्या रात्री नियमाची एक ओळ लिहिली.
तिसऱ्या रात्री त्या ओळीत राहिलेला स्वल्पविराम सापडला.
तरी नाहीच.

आणि पाय दाबला की टर्मिनलात आकडे पळत होते,
पाचशे बारा, चारशे सात, सहाशे साठ,
म्हणजे ते बोलत होतं,
सारखं बोलत होतं.

चौथ्या रात्री कळलं.
ज्याला एकही बटण नाही
त्याला खेळाचं साधन म्हणायचं नाही,
असं कुणीतरी कधीतरी ठरवून ठेवलंय.
नुसतं डुलणारं काय, काहीही असू शकतं;
लॅपटॉप कलला तरी आतलं काहीतरी डुलतं.
बटण असेल तर मागं माणूस असेल,
असा त्याचा हिशोब.

दादा खाली काजं करत होते.
"काय करायलीस इतक्या रात्री?"
सांगितलं.
"मग लाव की एक."
"त्याचं काम काय पण?"
दादांनी सुई तोंडात धरली, बोलायला परत काढली.
"कोटाच्या बाहीला चार असतात.
कोण लावतं, कोण काढतं?
पण नसले की गिऱ्हाईक म्हणतं, हा कोट नाही."

दाराच्या घंटीचं एक होतं डब्यात.
डाग दिला.
कशालाच जोडलेलं नाही,
म्हणजे जोडलंय, पण दाबलं तर काय व्हावं
हे मी कुठंच लिहिलं नाही.
शेपूट परत खुपसलं.
पडद्यावर विमानाची शेपटी
माझ्या डाव्या पायानं
हलली.

सकाळी दादांना बसवलं.
नकाशावर गोदावरी जिथल्या तिथं,
निळी, जरा जास्तच निळी.
सेलू नाही. जिंतूर रोड नाही.
खाली तपकिरी रंग, मैलोनमैल, एकाच ठाणातला.
चाळीस वर्षांच्या सवयीनं पाय चालू लागले,
विमान धावपट्टीवर कच्ची शिलाई घालत निघालं.
रेडिओचा कंट्रोल,
अर्ध्यापर्यंत मुका, मग एकदम ओरडतो,
तसंच एकदम वळलं
आणि पट्टी सोडून सरळ रानात.

धावतच राहिलं.
दादांनी वाकून चाकांकडं पाहिलं.
"रुतेना बी," म्हणाले,
"ही आपली माती नाही."
आणि पाय परत पायडलवर ठेवले.