गणपूर्ती

इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखं जोडलेलं
नागरिकशास्त्र, वीस गुणांचं.
मार्च तोंडावर आला की
मी ते तीन तासांत उरकतो.
यंदा सहावीचा पट नऊ,
आणि खिडकीबाहेर आटपाडीकडून येणारा टँकर,
ज्याच्या हॉर्नवर वर्ग रिकामा होतो
कुठल्याही कलमाला न विचारता.

म्हटलं, शिकवू नये, करून बघावं.
सोमवारी राजेशाही.
खुर्ची दिली शंतनू पुकळेला,
कारण त्याचा थोरला भाऊ गेल्या साली मॉनिटर होता.
एवढंच कारण.
त्यानं फर्मान काढलं : गणिताचा तास रद्द.
प्रजा सुखावली.
दुपारी मटकीची पहिली पळी त्याला, दुसरीही त्याला.
प्रजा गप्प झाली.

मंगळवारी हुकूमशहा व्हायला कुणी तयार होईना.
मग मीच झालो.
कुणाला काही फरक जाणवला नाही.
(हे मी टाचणवहीत लिहिलेलं नाही.)

बुधवारी मतदान. चिठ्ठ्या, खडूचा रिकामा डबा.
नऊ मतदार, नऊ उमेदवार,
प्रत्येकाला एकेक मत.
दुसऱ्या फेरीला दोन तास लागले,
एक पेरू, दोन गोट्या आणि एक जुनं भांडण
खर्ची पडलं,
आणि सनोबर मुलाणी निवडून आली.
हरलेल्यांनी विचारलं, आमचं आता काय काम?
मी फळा पुसत म्हणालो, प्रश्न विचारायचे.
'आन् उत्तर दिलं न्हाई तर?'
परत विचारायचे.

शाळेमागं ज्ञानू तात्या राहतात, नव्वदीचे.
हा मुलूख औंध संस्थानातला.
पोरं त्यांच्या ओट्यावर बसली, खऱ्या राजाची गोष्ट ऐकायला.
तात्या म्हणाले,
'राजानं आपल्या हातानं राज्य गावांस्नी दिलं, तवाची गोष्ट.
माझा बा चावडीम्होरं जाऊन हुबा ऱ्हायला,
पायताण हातात धरून, रोजच्यासारखा.
आत पाच पंच. गावातलेच.
त्यातला एक तर आमच्या बांधाला बांध असलेला.
बा म्हनला, आता मुजरा कुणाला घालायचा?
पाचीजण एकमेकांकडं बघत बसले.
कुणी सांगितलंच न्हाई.
पायताण घालावं का न्हाई, तेबी न्हाई.'
मग तात्यांना खोकला आला
आणि गोष्ट तिथंच राहिली.

ग्रामसभेला मी वर्ग घेऊन गेलो.
मारुतीपुढं सतरंजी, प्लास्टिकच्या सात खुर्च्या.
माणसं शंभर हवीत.
ग्रामसेवकानं मोजली, सव्वीस.
पुन्हा मोजली, माझी नऊ पोरं वगळून, सतरा.
सभा तहकूब.

पुढच्या शुक्रवारी तीच सतरंजी.
आले अकरा.
ग्रामसेवकानं चष्मा पुसून वाचलं :
तहकूब सभेस गणपूर्तीची अट नाही.
हात वर झाले, काही अर्धे,
पाइपलाइन मंजूर, दिवाबत्ती मंजूर,
मागील इतिवृत्त वाचून कायम.

'सर,' सनोबर उठली,
'मग शंभर कशापायी लागत्यात?'

ग्रामसेवकानं सरपंचबाईंकडं पाहिलं,
बाईंनी नवऱ्याकडं,
नवऱ्यानं माझ्याकडं.
मी म्हणालो, बस खाली.
वीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं.
मग मला तो पुसलेला फळा आठवला
आणि कान तापले.
हळूच म्हणालो, परत विचार.

तिनं परत विचारलं.
तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला,
अकराचे चार झाले,
पोरंही घागरींच्या दिशेनं पांगली.
ती सतरंजीच्या कडेला उभीच,
चपला पायात.

ग्रामसेवक खाली मान घालून लिहीत होता.
अक्षर सुबक, मला उलटं वाचता आलं :
आयत्या वेळचे विषय — निरंक.