दोन पी

शरणपूरच्या चर्चमागल्या क्वार्टरमध्ये
एस्तेरबाईंनी कागद पुढे सरकवला.
सुरांखाली दोन पी, चिकटून उभे.
"म्हणजे अगदी हळू," त्या म्हणाल्या.

मी जेल रोडच्या ढोलपथकातला.
आमच्यात हळू म्हणजे
टिपरू हातातून निसटलं.

मग ती खूण, मिटत जाणाऱ्या चिमट्याची:
सराफ बाजाराची गल्ली
नदीकडे उतरताना निमुळती होते ना,
तशी फुंक.

कॉर्नेट ओठांना लावलं. सूर फाटला.
पुन्हा.
फाटला.

बाईंनी पेन्सिलीनं तिसरा पी काढला
आणि मधलं दार
सताड उघडलं.
पलीकडे त्यांचे यजमान झोपले होते,
तीन रात्रींनंतर पहिल्यांदाच.

"हं," त्या म्हणाल्या,
"आता वाजव."