दोनशे पंचावन्न

विश्वामित्रीचा पूर मोजायला
दोनशे अठ्ठ्याऐंशी प्रोसेसर मागितले होते मी
एकाच मशीनसाठी.
लोखंड होतं. मकरपुऱ्याच्या शेडमध्ये दोन रॅक भरून,
बाहेर मे महिना, आत मी शाल गुंडाळून.

मशीन उठेना.

मेमरी वाढवली, मग कमी केली, उगाचच.
वत्सल म्हणाला, बेन, केबल जुओ ने.
केबल पाहिली.
एकशे ब्याण्णववर उठलं. दोनशे चाळीसवर उठलं.
दोनशे पंचावन्नवरही उठलं, कुरकुर न करता,
आणि एक वाढवला की
काळा पडदा, कोपऱ्यात लुकलुकती रेघ.
एकच वाढवला होता!

अडीच वाजता सापडलं.
जुन्या रीतीत प्रत्येक प्रोसेसरला
आठ बिटांचा घरनंबर,
शून्य धरून दोनशे छप्पन्न घरं.
पण शेवटचं, दोनशे पंचावन्न नंबरचं,
कुणाच्या नावावर करत नाहीत.
त्या पत्त्यावर हाक टाकली
की सगळ्यांना जाते.

खुर्ची मागे ढकलून बसले जरा वेळ.

पूर आला त्या रात्री, करेलीबागेत,
तळमजल्यावरच्या घोरपडेकाकू
जिन्यात उभ्या राहून पितळी ताट बडवत होत्या.
सोसायटीत प्रत्येकाचा नंबर होता त्यांच्याकडे, वहीत, फोनसकट.
एकालाही नावाने हाक मारली नाही त्यांनी.
गेटपाशी पाण्यात मगर होती म्हणतात.
मी पाहिली नाही. मी ताट ऐकलं.

मग नवी रीत चालू केली:
बत्तीस बिटांचे पत्ते,
आणि हाका वळवून देणारा एक मध्यस्थ,
जो आजवर बंदच ठेवला होता कुणीतरी,
बहुधा मीच, गेल्या दिवाळीत, घाईत.
तिथेही शेवटचा पत्ता राखलेलाच आहे.
मुद्दाम तपासलं.

बधा जाग्या? वत्सलने विचारलं, डोळे न उघडता.
दोनशे अठ्ठ्याऐंशी, म्हटलं.
तो सेव-उसळ कुठे मिळेल या वेळी
याचा विचार करत पुन्हा झोपला.

नदी चढू लागली, पाच-पाच मीटरच्या चौकटींतून,
आधी वडसर, मग समा.
चार वाजून दहा मिनिटांनी
आमच्या गेटातून आत आली, फिकट निळी,
पहिल्या पायरीवर, दुसऱ्या.
जिना कोराच होता.
ताटासाठी रकाना नाही या मॉडेलमध्ये.