समास

खंडवा रोडच्या आवारात दुपारच्या तासाला
दोन्ही वर्ग एकत्र बसतात,
कारण पंखे एकाच खोलीतले चालतात:
डावीकडे उद्याचे डेप्युटी कलेक्टर,
उजवीकडे मॅनेजर, लॅपटॉपसकट.
मी कोषालयातून निवृत्त. टिप्पणी शिकवते.
कागदाचा डावा हिस्सा मोकळा सोडायचा,
तिथे वरचा माणूस लिहितो,
किंवा लिहीत नाही.

आज एक अर्ज दिला:
चौकीदार, अकरा महिन्यांचा रात्रपाळी भत्ता बाकी.
सव्वीस कागद आले.
'नियमानुसार योग्य कार्यवाहीसाठी सादर.'
'लेखा शाखेचे मत घ्यावे.'
उजवीकडून एक तक्ता, बाणांसहित:
चौकीदाराऐवजी कॅमेरा बसवला तर वर्षाला किती वाचतील.
चूक कुठेच नाही.
मीही तीस वर्षं असंच लिहिलं.

शाजापूरची सुगना धाकड मात्र जागेवर नव्हती.
तास संपता संपता आली, घामेजलेली.
म्हणाली, मॅडम, हे भंवरलाल तर गेटवरच बसतात.

मी गप्प.
अर्ज खराच होता,
ऑफिसच्या रद्दीतून उचललेला,
उदाहरणाला बरा वाटला म्हणून.

तिचा कागद घरी तपासला. एकच ओळ,
या टोकापासून त्या टोकापर्यंत:
'विचारलं. आता अकरा नाहीत, चौदा झाले.'
समास सोडलेला नाही. दोन गुण कापले.

मग हिरव्या पेनाने, जागा नव्हती म्हणून
कडेला उभं लिहिलं: 'पाहिले.'
खाली सही केली, तारीख घातली,
आणि पेन तसंच धरून बसले.
पुढे पाठवायचं कोणाकडे?
माझा तर आता आवक-जावक क्रमांकही नाही.