कडं

अठ्ठावीस वर्षं परळच्या इस्पितळात
मी प्लेटी वाचल्या.
फिकट पिवळं आगर, त्यावर रात्रभर वाढलेले जंतू,
आणि चिमट्यानं मांडलेल्या औषधाच्या कागदी टिकल्या.
टिकलीभोवती स्वच्छ कडं उमटलं
की औषध चालतं.
पट्टी लावायची, मिलिमीटर मोजायचे, वहीत लिहायचं : एस.
कडं नाही, तर आर.
एवढीच माझी बाराखडी.

सुरुवातीला आर क्वचित यायचा.
आला की मी मिस्त्री मॅडमना हाक मारायची,
त्या चष्मा कपाळावर चढवून प्लेट उजेडाला धरायच्या.
पुढे हाक मारणं सुटलं.
शेवटच्या वर्षी
एस आला की हाक मारायची मी.

मुबीनच्या दुकानात, भायखळ्याला,
पाय पुसायला अंथरलं होतं खाद्याचं पोतं.
मी वाकून वाचलं. सवय.
तिसऱ्या ओळीत माझीच टिकली.
चिमट्यात धरलेली ती हजार वेळा,
स्पेलिंगसुद्धा पाठ.
"कोंबड्या आजारी होत्या का रे?"
"छे हो ताई, एकदम तंदुरुस्त.
पस्तीस दिवसांत दोन किलो भरायचं असतं तिला,
आजारी पडायला वेळ कुठाय?"
मुबीन हसला. मीही हसले,
आणि अर्धा किलो घेऊन घरी आले,
कारण जावई जेवायला होते.

खोटं कशाला सांगू.
अकरा नंबर वॉर्डातला तो मुलगा
अमुक खाल्लं म्हणून गेला, असं कुठल्याच वहीत नाही.
मीही लिहिणार नाही.
पण पोतं डोळ्यांपुढून जाईना.

आता महिन्यातून दोनदा आरेतल्या पाड्यावर जाते,
जानी भोयेकडे.
तिला म्हटलं, तुझ्या कोंबड्या सेंद्रिय.
"शेंद्री?" ती म्हणाली. "नाय बाय, ती लाल तिकडं, ही कवडी."
खातात काय? कणी, वाळवी, उंबराची पडलेली फळं,
आणि जानीच्या सुनेची शिवीगाळ.
दाम ब्रॉयलरच्या तिप्पट.
घासाघीस केली तर जानी रानाकडे बोट दाखवते :
"दहातल्या दोन बिबट्याच्या. त्याचे पैसं कोन देनार, तू का मी?"
मी देते.

घरी कुरकुर झाली.
सहा शिट्ट्या झाल्या तरी तंगडी दाद देईना.
जावई म्हणाले, "आई, ही कोंबडी पळत होती वाटतं."
हो, पळत होती.
म्हणून तर.
बुधवारचं मटण बंद झालं, रविवार एकाआड एक उरला,
हाडं दुसऱ्यांदा उकळून सोमवारची आमटी,
आणि रश्श्यावर ती पिवळी चरबी
जी माझ्या नातीनं आधी हळद समजून चमच्यानं बाजूला केली,
मग चाटली,
मग वाटी पुढे केली.

काल जानी पिशवी शोधायला आत गेली तेव्हा
मी उंबराखाली उभी होते.
एक तलंग माती उकरत होती.
दोन पाय मागे, थांब, टोच, पुन्हा दोन पाय.
पालापाचोळा बाजूला उडत गेला
आणि तिच्याभोवती
स्वच्छ, ओलसर, काळं
कडं उमटलं.
पट्टी नव्हती जवळ.
चप्पल काढून पावलानं मोजलं : साडेतीन.
मिस्त्री मॅडम आता देवळालीला असतात, कमी ऐकू येतं त्यांना,
तरी तोंडातून हाक निघालीच.

जानी बाहेर आली, म्हणाली, "कोनाला बोलावते?
हीच देऊ का?"
"ही नको," म्हटलं.
"ती दुसरी दे."